सही कुणाची आधी?

‘दीवार’वर आता आणखी काय लिहायचं, असं कुणीही म्हणेल. १९७५ चा सिनेमा. यश चोप्राचा, सलीम-जावेदनी लिहिलेला. अमिताभला ‘संतप्त तरुण’ ही पदवी चिकटवून पांढरपेशा समीक्षकांनी त्याचा केव्हाच निकाल लावून टाकला. संताप कशाचा, कुणावर, तो संताप शेवटी कुणाच्या कामाला आला, हे विचारायचं काम त्यांचं नव्हतंच. ते आपलं आहे. म्हणून लिहितोय.

निमित्त झालं आमच्या पनवेलच्या अभ्यासवर्गाचं. वर्ग संपल्यावर पोरं मोबाईलवर ‘दीवार’मधला एक प्रसंग बघत बसली होती. रवी कागद घेऊन येतो आणि थोरल्या भावाला सही कर म्हणतो, तो. पोरांनी शिट्ट्या मारल्या. एकानं मात्र शिट्टी मारली नाही. मला म्हणाला, “काका, पण विजय सही का करत नाही? गुन्हा तर त्यानं केलाय ना?” मी व्यवस्था, शोषण वगैरे चार शब्द फेकले. पोरगा ‘हां’ म्हणाला. पण त्याचं समाधान झालं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझंही नव्हतं. ज्याला स्वतःच्या एका सहीबद्दल तोंड उघडता आलं नाही, तो दुसऱ्याच्या सहीबद्दल काय सांगणार? ते पुढं येईल. आधी सिनेमा.

मी ‘दीवार’ पहिल्यांदा बघितला तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेन. मामानं नेलं होतं. मामा मुंबईला गोदीत हमाल. पडद्यावर गोदीतल्या मजुरांकडून हप्ता वसूल करतात तेव्हा मामा अंधारात नुसता हुंकारला. विजय दावरसमोर उभा असतो आणि दावर नोटांचं बंडल त्याच्यापुढं फेकतो, तेव्हा आख्खं थेटर उठलं. कारण विजय ते उचलत नाही. लहानपणी बूटपॉलिश करताना त्यानं याच दावरच्या माणसाला फेकलेले पैसे उचलून हातात द्यायला लावले होते, आणि तो अजूनही फेकलेले पैसे उचलत नाही. मामा माझा दंड दाबून म्हणाला, “बघितलंस?” ज्यांच्या आज्यापणज्यांच्या ओंजळीत भाकर वरून पडायची, ज्यांची मजुरी उंबऱ्यावर ठेवली जायची, त्यांना हा प्रसंग काय आहे ते समीक्षकांनी समजावून सांगायची गरज नाही.

पण मित्रांनो, टाळ्या वाजवून झाल्या की विचार करायचा असतो. विजय आपला नाही. त्याचं आडनाव वर्मा. त्याची जात सिनेमा सांगत नाही, विचारतही नाही. गोदी, फुटपाथ, वीटकाम, बूटपॉलिश हे सगळं आपल्या लोकांचं जगणं घेऊन त्यावर एक बिनजातीचा नायक उभा केलाय. तो आपला आहे असं समजून हुरळून जाऊ नये. तो बोलतो त्यातलं तर्कशास्त्र मात्र उचलावं. ते आपल्या उपयोगाचं आहे.

आता तो प्रसंग. धाकटा भाऊ पोलीस अधिकारी झालाय. थोरला स्मगलर झालाय. आई दोघांच्या मध्ये. रवी कागद पुढं करतो. गुन्हे कबूल कर, साथीदारांची नावं दे, सही कर. ही बोलणी आहेत, नीट बघा. रवीच्या बाजूला काय आहे? कायदा आहे, वर्दी आहे, आणि समोर उभी असलेली आई आहे. विजयच्या बाजूला पैसा आहे, बंगला आहे, गाडी आहे. पण त्यातलं काहीच तो या वेळी टेबलावर ठेवत नाही. तो फक्त क्रम विचारतो. सही करीन म्हणतो, पण आधी ज्यानं माझ्या बापाची सही घेतली त्याची सही आण. ज्यानं माझ्या आईला शिवी देऊन कामावरून काढलं त्याची आण. ज्यानं माझ्या हातावर बाप चोर असल्याचं गोंदवलं त्याची आण. मग म्हणशील तिथं, म्हणशील त्या कागदावर मी सही करतो.

रवीचं उत्तर असं की दुसऱ्यांची पापं मोजून तुझं पाप कमी होत नाही. सिनेमा रवीच्या बाजूनं आहे. आईसुद्धा रवीबरोबर घर सोडते. आणि एका माणसाच्या शीलाचा प्रश्न असेल तर रवी बरोबरच बोलतो. पंचशील घेणारा माणूस ‘त्यानं केलं म्हणून मी केलं’ असं म्हणू शकत नाही.

पण रवी तिथं भाऊ म्हणून आलेला नाही. तो कायदा म्हणून आलाय. आणि कायद्याला विचारलेला प्रश्न वेगळा आहे. तुझी मोजणी नेहमी खालून का सुरू होते? वरच्याची पाळी कधी येते? या प्रश्नाला रवीकडं उत्तर नाही. म्हणून तो नीतीचं उत्तर देऊन मोकळा होतो. विजयला धंदा सोडायचाच नाही, म्हणून तो अशक्य अट घालतो, हेही खरंय. पण चोरानं विचारला म्हणून प्रश्न खोटा होत नाही.

आपल्या कुलाबा जिल्ह्यातल्या, म्हंजे आताच्या रायगडातल्या, माणसाला हे लगेच कळावं. खोताच्या कबुलायतीवर अंगठा कुणाचा? कुळाचा. सावकाराच्या कागदावर? कुळाचाच. खोतानं कधी लिहून दिलं का, की मी कुळाला उपाशी ठेवणार नाही? कागद नेहमी वरच्यानं लिहायचा आणि अंगठा खालच्यानं उठवायचा. ज्याला वाचता येत नाही त्याची कबुली आधी.

आता मागं जाऊ. विजयच्या हातावरचं ते गोंदण आलं कुठून? त्याच्या बापाच्या सहीतून. आनंद वर्मा कामगारांचा पुढारी. सत्येन कप्पूनं हे काम केलंय आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. हा माणूस प्रामाणिक आहे, लोक त्याच्यावर जीव टाकतात. मालकाबरोबर बोलणी ठरतात. बंद खोलीत त्याला कळतं की बायको आणि दोन पोरं मालकाच्या ताब्यात आहेत. पुढ्यात कागद आहे. तो सही करतो. मजुरांच्या मागण्या बुडतात. मजूर त्याला चोर ठरवतात. तो गाव सोडून परागंदा होतो. आणि लोकांचा राग पोराच्या हातावर गोंदला जातो.

मला वाटतं आख्ख्या सिनेमाची किल्ली या खोलीत आहे. बोलणी म्हंजे युक्तिवाद असं आपण समजतो. मागणीपत्र चांगलं लिहिलं, आकडेवारी पाठ केली, की झालं. तसं नाही. टेबलाशी तीन गोष्टी ठरवतात कोण जिंकणार ते. एक, उठून कोण जाऊ शकतो. मालक उठून जाऊ शकतो, त्याच्या घरी चूल पेटलेली आहे. आनंदबाबू उठू शकत नाही. दोन, समोरच्याला तुझा जीव कशात आहे ते ठाऊक आहे का. मालकाला ते ठाऊक आहे. आनंदबाबूला मालकाचं काहीच ठाऊक नाही. तीन, दाराबाहेर काय जाणार. खोलीतलं खोलीत राहिलं तर खोलीचा मालकच जिंकतो.

यातली दुसरी गोष्ट, तुझा जीव कशात आहे हे समोरच्याला कसं कळतं? बहुतेक वेळा आपल्याच तोंडून. १९७२ च्या ‘गॉडफादर’मध्ये याचा धडाच आहे. सोलोझो नावाचा अफूचा व्यापारी म्हाताऱ्या डॉनकडं पैसा आणि राजकीय आसरा मागायला येतो. म्हातारा शांतपणे नकार देतो. पण थोरला पोरगा सनी मध्येच तोंड घालतो आणि या धंद्यात आपल्याला रस आहे हे उघडं पाडतो. झालं. सोलोझोला जे पाहिजे होतं ते मिळालं. बाप नको म्हणतोय, पोरगा हो म्हणतोय, म्हंजे बापाला दूर केलं की सौदा होईल. पुढं म्हाताऱ्यावर गोळ्या झाडल्या जातात. त्या गोळ्यांचा निर्णय त्या एका वाक्यात झालेला होता. आपल्या पक्षांच्या नि गटांच्या फुटी आठवा. प्रत्येक वेळी कुणाला तरी आधी कळलेलं होतं की यांच्यातला कोण काय मागतोय.

आता माझं.

१९८९ साली एका ठेकेदाराकडं सफाईचं काम करणारे आमचे त्रेचाळीस लोक होते. ठेकेदाराचं नाव इथं महत्त्वाचं नाही. मागण्या साध्या होत्या. आठवड्याची पगारी सुट्टी, पायात गमबूट, आणि मजुरी ठरल्या तारखेला. बोलणी करायला पाच जण गेलो. मी कॉलेजात गेलेला म्हणून कागद माझ्या हातात. सगळं ठरवून गेलो होतो. सुट्टीची मागणी सोडायची नाही. अर्ध्या तासानं आमच्यातलाच एक जण कळवळून म्हणाला, “साहेब, आमचं जाऊ द्या, निदान पोरांना तरी कायम करा.” त्याचा हेतू वाईट नव्हता. पण ठेकेदारानं लगेच चहा मागवला. चहा येईपर्यंत मला बाजूला घेतलं. “तुमचा धाकटा भाऊ आपल्याकडंच आहे ना? तुम्ही शिकलेले आहात. यादीत पहिलं नाव त्याचं टाकतो. नाहीतर उद्यापासून त्याला काम देणं मला जड जाईल.”

मी सही केली. सुट्टीची मागणी गेली. गमबूट आले, तेही सगळ्यांना नाही. बाहेर लोक उभे होते. मी म्हणालो, “सध्या एवढंच झालं.” भावाचं नाव कुणापुढं काढलं नाही. ठेकेदारानं काय म्हटलं ते सांगितलं नाही. लोकांनी मला चोर म्हटलं नाही. कुणाच्या हातावर काही गोंदवलं नाही. त्यातली एक मावशी तर पुढं कित्येक वर्षं मला बघितलं की चहाला बसवायची. तो चहा घशाखाली उतरायचा नाही.

आनंदबाबूची बायकापोरं बांधून ठेवली होती. माझं कुणी काही बांधलं नव्हतं. एक रोजंदारीची नोकरी होती. म्हणून मी स्वतःला त्याच्या शेजारी बसवत नाही. पण खोलीचं तर्कशास्त्र तेच होतं. आणि माझी चूक सहीत नव्हती असं मला आता वाटतं. दबावाखाली सही होते. माणूस आहे, होते. माझी चूक दाराबाहेर झाली. धमकी तासाभराची होती, तिला मी माझ्या गप्प बसण्यानं पस्तीस वर्षांचं आयुष्य दिलं.

हे ज्यांच्याकडून शिकायचं ते आपल्या घरातच होते. बाबासाहेबांना सिनेमातल्या पात्राच्या जवळ आणतोय म्हणून कुणाला राग येईल. येऊ द्या, पण पुढचं वाचा. १६ ऑगस्ट १९३२ ला जातीय निवाडा जाहीर झाला. अस्पृश्यांना प्रांतिक कायदेमंडळांत ७१ जागा स्वतंत्र मतदारसंघातून आणि शिवाय सर्वसाधारण मतदारसंघात दुसरं मत. २० सप्टेंबरला गांधींनी येरवड्याच्या तुरुंगात प्राणांतिक उपोषण सुरू केलं. आता टेबल बघा. एका बाजूला एका माणसाचा जीव पणाला लावलेला, आणि त्या माणसाचं काही बरंवाईट झालं तर गावोगाव विखुरलेल्या, निःशस्त्र अस्पृश्यांवर काय ओढवेल ते उघड दिसतंय. ओलीस कोण होतं? वरवर गांधी. खरं तर गावकुसाबाहेरची लाखो घरं. त्या टेबलावरून उठून जाणं बाबासाहेबांना शक्य ठेवलेलंच नव्हतं.

तरी त्यांनी काय केलं? एक, नुसती सही दिली नाही, किंमत वसूल केली. ७१ च्या जागी १४८ राखीव जागा घेतल्या. २४ सप्टेंबरला करार झाला. दोन, दुसऱ्याच दिवशी मुंबईच्या परिषदेत उभे राहून आपण केवढ्या पेचात होतो ते उघड सांगितलं. लपवलं नाही. तीन, प्रश्न मिटला असं मानलं नाही. १९४५ मध्ये काँग्रेस आणि गांधींनी अस्पृश्यांचं काय केलं यावर आख्खा ग्रंथ लिहून त्या दुसऱ्या मताचं मोल काय होतं ते मांडलं. १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये स्वतंत्र मतदारसंघाची मागणी परत टेबलावर ठेवली. सही झाली, पण सहीचा इतिहास त्यांनी विरोधकांना लिहू दिला नाही. खोलीतलं सगळं बाहेर आणून ठेवलं. म्हणून आज पुणे कराराचं नाव निघालं की आपला पोरगा मान खाली घालत नाही, वाद घालायला उभा राहतो. आनंद वर्माच्या पोराला ती सोय नव्हती. त्याच्या बापाची बाजू त्याच्यापर्यंत पोचलीच नाही, पोचलं ते फक्त गोंदण.

आता ‘दीवार’चं खरं दुबळेपण सांगतो. विजय ज्या सहीची मागणी करतो ती सही आणायला तो स्वतः कधीच जात नाही. बापाला बुडवणाऱ्या मालकाकडं सिनेमा परत वळत नाही. आणि ज्या मजुरांच्या मागण्या त्या कागदानं बुडाल्या त्यांचं पुढं काय झालं? त्यांना सिनेमानं पहिल्या अर्ध्या तासात बाप छळणारा जमाव म्हणून वापरलं आणि सोडून दिलं. विजय काय करतो? आईनं जिथं विटा वाहिल्या ती इमारत विकत घेतो. विकणाऱ्याला म्हणतो की तुला सौदा करता येत नाही, आणखी मागितले असतेस तरी दिले असते. टाळी पडते. पण त्या इमारतीवर आईबरोबर विटा वाहणाऱ्या बाकीच्या बायांचं काय? त्या अजून विटाच वाहताहेत. विजयनं खुर्ची बदलली. टेबल तेच राहिलं. फेकलेले पैसे त्यानं उचलले नाहीत, हातात दिलेले घेतले, आणि ज्यानं दिले त्याचा माणूस झाला. मामानं माझा दंड दाबला होता तेव्हा हे मला कळलं नव्हतं.

टेबल बदलायचं कसं ते याच जिल्ह्यानं दाखवलंय. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या कुळांनी १९३३ मध्ये नारायण नागू पाटलांच्या पुढारपणाखाली ठरवलं की खोताची जमीन कसायचीच नाही. सहा वर्षं उपासमार सोसली. म्हंजे आख्खा गाव टेबलावरून उठून गेला. एकटा आनंदबाबू उठू शकत नव्हता, पण सगळे मिळून उठले तर ओलीस कुणाकुणाला ठेवणार? बाबासाहेब त्यांच्या पाठीशी उभे राहिले, १९३७ मध्ये खोती नष्ट करण्याचं विधेयक आणलं, आणि १० जानेवारी १९३८ ला हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईत कौन्सिलवर नेला. खोताकडं कबुलीची सही मागायला खालची माणसं गेली, असा तो दिवस.

पुढं १९७० मध्ये सिडको आली. पनवेल, उरण, ठाण्याच्या गावांच्या जमिनी गेल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला गोळीबार झाला, पाच शेतकरी मेले. दि. बा. पाटलांच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित भूखंडाचं सूत्र आलं. त्या लढ्याला सलामच आहे. पण आपल्या वाड्यातून बघा. ज्याच्या नावावर सातबारा त्याच्या सहीला किंमत. दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्याच्या, बांधावर जगणाऱ्याच्या सहीचं काय? जमीन गेली तेव्हा त्याचंही काम गेलं, पण त्याच्या सहीसाठी कुणी अडून बसलेलं नव्हतं. विजयला निदान सही मागितली जाते. आपल्यातल्या बहुतेकांची सही कुणी मागितलेलीच नाही. आपल्या लढ्याचं पहिलं काम हेच की आपल्या सहीवाचून कागद पुरा होऊ नये.

त्या पोराला आता उत्तर देतो. बाळा, विजय सही करत नाही कारण त्याच्या बापानं केलेल्या सहीचा हिशोब कुणी मागितला नाही. त्याचा प्रश्न खरा आहे. त्याचा रस्ता खोटा आहे. प्रश्न घे, रस्ता घेऊ नको. आणि तुझ्यावर कधी बोलणीला जायची पाळी येईल, ती येईलच, तेव्हा एकटा बाजूला जाऊन चहा पिऊ नको. आत कोण काय बोलणार ते बाहेर असतानाच ठरव. आणि सही झालीच, तर दार उघडल्याबरोबर पहिल्या माणसाला सांग की आत काय झालं, कुणाचं नाव घेतलं, कशाची भीती घातली. लोक शिव्या देतील. देऊ देत. शिव्या एका संध्याकाळच्या असतात.

मी ते ३५ वर्षांनी या पानावर सांगतोय. त्रेचाळीसपैकी किती जण आज आहेत ते बघायला हा अंक घेऊन घरोघर जाणार आहे. ती मावशी अजून आहे. तिला वाचता येत नाही. तिला मीच वाचून दाखवीन.

जयभीम.